आईचा भाडेकरू

हॅलिफॅक्स,
२ सप्टेंबर १९७३

प्रिय थेल्मा,

पत्र लांबलं. गिरणीत दोघी-तिघी आजारी पडल्यात आणि त्यांच्या वाटचं कापडही मीच तपासतेय, त्यामुळे संध्याकाळी डोळे मिटले तरी धागेच दिसतात. आई रोज विचारते, "थेल्माला लिहिलंस का?" आणि मी रोज "हो" म्हणते. आज ते खरं करून टाकते.

आईला स्कारबरोला जायचंय. ऑक्टोबरात, मुलींना शाळेची आठवडाभर सुट्टी असते तेव्हा. मी म्हटलं, "ऑक्टोबरात तिथे काय आहे? किनाऱ्यावर पोरांना फिरवणारी गाढवंसुद्धा घरी गेलेली असतात." तर म्हणाली, "मला गाढवावर नाही बसायचंय, बाकावर बसायचंय." मी मिसेस थ्वेटना लिहिलं. आपण लहानपणी उतरायचो तेच घर. म्हातारी गेली, आता सून चालवते, आणि महिनाअखेरपर्यंत उघडं ठेवते. समुद्राकडच्या दोन खोल्या तुम्हा चौघांना, मागची आईला आणि मला, माळ्यावरची क्लिफर्डला.

हो, क्लिफर्डला. हॉस्पिटलवाले त्याला सोडताहेत. नवीन डॉक्टर आलाय, मिसरूड फुटल्यासारखा. मला म्हणाला, "मिस बॅराक्लफ, तुमच्या भावाला इथे ठेवावं असं मला काही सापडत नाही." मी विचारलं, "मग एकोणीस वर्षं तुम्ही लोक काय शोधत होतात?" बिचारा ओशाळला. त्याचा काय दोष. कोळशाच्या खोलीत जाऊन बसणारा, तोंडातून शब्द न काढणारा तो मुलगा तू पाहिला होतास. आता तो बोलतो, हसतो, तिथल्या बागेत काम करतो. चौदा तारखेला घरी येईल.

आईचं मागणं एवढंच आहे, की तिची तिन्ही मुलं एका टेबलाशी जेवताना तिला दिसावीत. जेराल्डला विचारून लगेच कळव. मिसेस थ्वेट खोल्या अडवून ठेवणाऱ्यांतली नाही.

तुझी,
एनिड


गिल्डफर्ड,
१० सप्टेंबर १९७३

प्रिय एनिड,

पत्र मिळालं. क्लिफर्डचं वाचून बरं वाटलं.

स्कारबरोचं मात्र जरा अवघड दिसतंय गं. ऑक्टोबरात जेराल्डच्या ऑफिसात फार गडबड असते. हेझलची छाती तुला माहीतच आहे, उत्तरेकडचा वारा लागला की महिनाभर खोकते. ज्युडिथचा पियानोचा क्लास नुकता सुरू झालाय. आणि आईला या वयात इतक्या थंडीत समुद्रावर बसवायचं म्हणजे मला तरी धाडसच वाटतं. त्यापेक्षा ईस्टरला जाऊ या का? किंवा आईलाच इकडे पाठव ना. मी स्टेशनवर घ्यायला येईन. तुलाही चार दिवस विश्रांती मिळेल, आणि क्लिफर्डला घरात रुळायला शांतता मिळेल. इतक्या वर्षांनी एकदम माणसांच्या गर्दीत नेणं त्यालाही झेपेल का, डॉक्टरांना विचारलंस?

आईला माझं प्रेम सांग. तिची कंबर कशी आहे?

तुझी,
थेल्मा


हॅलिफॅक्स,
१८ सप्टेंबर १९७३

प्रिय थेल्मा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तेव्हा ईस्टरचा भाग गाळला. का गाळला ते विचारू नकोस.

पियानो आठवडाभर वाट पाहील. हेझलला माझा जाड कोट घालू. आणि जेराल्डला जर मिसेस थ्वेटच्या घराची लाज वाटत असेल, आंघोळीसाठी नंबर लावायचा, घंटा वाजली की जेवायला बसायचं हे जर त्याच्या पसंतीचं नसेल, तर तसं सरळ लिही. छातीच्या आणि पियानोच्या आड लपू नकोस. मी तुला न्हाऊ-माखू घातलंय, तू खोटं बोलतेस तेव्हा किती कारणं देतेस ते मला ठाऊक आहे.

क्लिफर्ड आला. केस पांढरे झालेत, पुढचे दात गेलेत, गाल आत बसलेत. कपाटावरच्या लष्करी गणवेशातल्या फोटोशी त्याचं काही जुळत नाही. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारापाशी उभा राहिला आणि हलेना. मी म्हटलं, "अरे, ये की आत." तर म्हणाला, "कुलूप नाहीये का?" तिथे प्रत्येक दार दुसऱ्या कुणीतरी उघडायचं असायचं. आता उघडतो, पण आधी थोडा थांबतो. आईचं मटण तोच कापून देतो, अगदी बारीक. दोघं फार बोलत नाहीत. ती त्याच्याकडे बघत बसते, तो बघू देतो.

स्कारबरोचं सांगितल्यावर त्याने विचारलं, "थेल्मा येणार?" मी "हो" म्हटलंय. आता तू बघ.

एनिड


गिल्डफर्ड,
२५ सप्टेंबर १९७३

प्रिय एनिड,

थेल्माला न सांगता लिहितोय, त्याबद्दल क्षमा करा. तुमचं पत्र आल्यापासून ती नीट जेवत नाही. विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हणते. तिने मला फक्त एवढंच सांगितलं, की तुम्ही सगळ्यांनी स्कारबरोला जायचं ठरवलंय आणि तिला यायची इच्छा नाही.

मला वाटतं, मला कारण कळलंय. ती लहानपणी क्लिफर्डबरोबर स्कारबरोलाच पोहायला शिकली ना? तो मलायात तापाने गेला त्याला इतकी वर्षं झाली, पण तिच्या मनातून तो गेलेला नाही. आमच्या लग्नाआधी तिने मला एकदाच त्याच्याबद्दल सगळं सांगितलं आणि पुन्हा विषय काढू नकोस म्हणाली. मी तो कधीच काढला नाही, तुमच्याकडेही नाही. तुमच्या कपाटावरचा त्याचा फोटो मात्र दर वेळी थांबून बघतो. माझा थोरला भाऊ युद्धात गेला, त्यामुळे थोडं समजतं.

तेव्हा मनात आलं, जागा बदलता आली तर? नाहीच जमलं तर आम्ही स्कारबरोला येऊ, मी तिला समजावीन. ऑफिसची अडचण मुळीच नाही. आईंना जे हवंय ते झालंच पाहिजे.

तुमचा,
जेराल्ड विल्मट


हॅलिफॅक्स,
२८ सप्टेंबर १९७३

थेल्मा,

सोबत तुझ्या नवऱ्याच्या पत्राची मी केलेली नक्कल आहे. वाच. भला माणूस आहे. मी त्याच्याबद्दल मागे जे लिहिलं ते परत घेते.

त्याला मी उत्तर पाठवलंय, की आम्हाला स्कारबरोच बरं. त्यात एकही खोटं वाक्य नाही आणि एकही खरं नाही.

आपला भाऊ या क्षणी अंगणात आईसाठी बटाटे सोलतोय. त्याला मारून टाकताना तुला काय वाटलं, ते मला कळव.

एनिड


गिल्डफर्ड,
१ ऑक्टोबर १९७३

एनिड,

जेराल्डची आई मला पहिल्यांदा भेटली तेव्हा चहा ओतता ओतता तिने विचारलं, "तुमच्या घराण्यात कुणाला डोक्याचं काही नाही ना, बाळ?" बस, एवढंच. आणि मी म्हटलं, "नाही, मला एक भाऊ होता, तो सैन्यात असताना गेला." तिने माझा हात हातात घेतला. नंतर जेराल्डला वेगळं काही सांगणार कशी होते? मी चोवीस वर्षांची होते. तेव्हा क्लिफर्ड आपल्याला ओळखतसुद्धा नव्हता, आठवतं ना? तो परत येईल असं तुला तरी वाटलं होतं का?

आता तेरा वर्षांनी जेराल्डला कोणत्या तोंडाने सांगू? मुलींना सांगितलंय की मामा फार धाडसी होता. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. क्लिफर्डला तर नकोच. मी तुझ्या पाया पडते.

थेल्मा


हॅलिफॅक्स,
६ ऑक्टोबर १९७३

थेल्मा,

चार दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पुसता आलं नसतं.

क्लिफर्डला मी सांगितलं. त्याच्यापासून सगळ्यांनी सगळं लपवत आणलंय, कधी सोडणार, कुठली गोळी कशासाठी, बाबा गेले ते सुद्धा त्याला महिन्याने कळलं. मी तसं करणार नव्हते. तो चुलीपाशी बूट पुसत होता. ऐकून घेतलं, दुसरा बूट पुसला, आणि विचारलं, "कशाने मेलो?"

"मलायात. तापाने."

"ताप बरा. गोळी म्हणाली असती तर कुठे लागली ते कुणीतरी विचारलं असतं." मग म्हणाला, "पोरीने सोसलं म्हणायचं. एकटीनं." माझा संताप होत होता आणि हा तुझी बाजू घेत होता.

मग त्यानेच तोड काढली. तो येईल, पण आईचा भाडेकरू म्हणून. एकटा म्हातारा होत चाललेला माणूस आहे, सुट्टीत कुठे जाणार, म्हणून मिसेस बॅराक्लफनी बरोबर आणलं. दात गेलेले, केस पिकलेले, कोण ओळखणार. मी म्हटलं, "आणि आई?" तो म्हणाला, "तिला मी सांगतो."

काय सांगितलं ठाऊक नाही. संध्याकाळी आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायची, हे मला जमणार नाही. मग मी हाकच मारणार नाही. हाक मारली नाही की चूक व्हायची नाही." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

आता ईस्टर का गाळला ते सांगते. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. पोटात आहे, आणि पसरलंय. ईस्टर ती बघणार नाही. तिला कुणी सांगितलेलं नाही, पण तिला माहीत आहे. सगळे तिथे या, एवढंच तिने मागितलंय, आणि त्यातही आता तू वाटा काढून घेतलास.

वीस तारखेला दुपारच्या गाडीने आम्ही पोचतो.

एनिड


गिल्डफर्ड,
१० ऑक्टोबर १९७३

प्रिय एनिड,

आईचं वाचून मी दिवसभर काही करू शकले नाही. जेराल्डला वाटतंय मी आईसाठी रडतेय, आणि तेही खरंच आहे.

आम्ही येतोय. क्लिफर्डचे उपकार मी कधी विसरणार नाही, त्याला सांग. काही गोष्टी मात्र लक्षात ठेवायला सांगशील का? मुलींसमोर हॉस्पिटलचं काही नको. तू त्याला "तुम्ही" म्हण. जेवताना तो माझ्या समोर न बसता टोकाला बसला तर बरं, कारण माझा चेहरा मला आवरत नाही. तो शीळ घालायचा तशी घालू नये, मी जेराल्डला त्या शिळेबद्दल सांगितलंय. आणि आईच्या कपाटावरचा फोटो बरोबर आणू नका.

मला माहीत आहे, हे वाचताना तू काय म्हणत असशील.

थेल्मा


हॅलिफॅक्स,
१४ ऑक्टोबर १९७३

प्रिय थेल्मा,

हे पत्र मी स्वतः लिहितोय. अक्षर वाईट आहे, सवय गेली.

तू काळजी करू नकोस. शीळ घालणार नाही, पुढचे दात नसल्यामुळे तशी ती येतही नाही. टोकाला बसेन. तिकडे वॉर्डात मी नेहमी टोकालाच बसायचो, खिडकी तिथे होती.

नाव मी होल्ट घेतलंय. आर्थर होल्ट. हा माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा, दोन वर्षांपूर्वी गेला. त्याला कधी कुणी भेटायला आलं नाही. तो समुद्राबद्दल फार बोलायचा, पण त्याने तो पाहिला नव्हता. म्हटलं, त्याचं नाव तरी जाऊन येईल.

एनिड आता रोज सराव घेते. सकाळी म्हणते, "मिस्टर होल्ट, चहा घेता का?" आणि स्वतःच हसायला लागते. आई हसत नाही.

एक विचारायचं होतं. मुलींना काय आवडतं ते कळवू नकोस. भाडेकरूला ते ठाऊक असलं तर विचित्र दिसेल. तिथे आल्यावर मीच विचारीन त्यांना.

तू मोठी झालेली मी पाहिली नाही. ते बघायला मिळेल, हेच खूप आहे.

तुझा,
क्लिफर्ड


गिल्डफर्ड,
३० ऑक्टोबर १९७३

प्रिय एनिड,

सुखरूप पोचलो. वाटेत पाऊस सोडत नव्हता. जसा तिथे आठवडाभर सोडत नव्हता. तरी मुली अजून त्याच गोष्टी करताहेत, बंद दुकानांच्या, लाटा रस्त्यावर यायच्या त्याच्या, आणि सगळ्यात जास्त मिस्टर होल्टच्या. ओल्या वाळूत किल्ला कसा बांधायचा ते त्याने शिकवलं म्हणे. ज्युडिथ विचारत होती, त्यांना नाताळला बोलवायचं का.

खरं सांगते, मला जितकी भीती होती तितकं काही झालं नाही. कुणाला शंकाही आली नाही. जेराल्डला तो फार आवडला. रोज सकाळी दोघं त्या छपराखालच्या बाकावर जाऊन बसायचे ना? काय बोलायचे कोण जाणे, जेराल्ड तर घरात चार शब्द बोलत नाही.

फक्त शेवटच्या दुपारी माझा जीव गेला होता. तू आम्हाला चहाला नेलंस आणि आई त्याच्याजवळ बाकावर राहिली. परत आलो तर हेझल ओरडली, "आजी भाडेकरूच्या खांद्यावर झोपलीय." मी धावत जाऊन आईला उठवलं आणि हसण्यावारी नेलं. बिचारीला थकव्याने झोप लागली होती. सगळ्या आठवड्यात ती किती कमी बोलली. पण आली, बसली, जेवली, तिघांना एका टेबलाशी पाहिलंन. तिची इच्छा पुरी झाली, नाही का?

तुझी,
थेल्मा


हॅलिफॅक्स,
७ नोव्हेंबर १९७३

थेल्मा,

आई अंथरुणाला खिळलीय. नर्स दोनदा येते. म्हणून जे लिहायचं ते आत्ताच लिहिते.

ती झोपली नव्हती. मी तुझ्या मागेच होते, तू तिच्या खांद्याला हात लावायच्या आधी मी तिचे डोळे पाहिले. उघडे होते. समुद्राकडे बघत होती. त्या आठवड्यात तिला तिचा मुलगा फक्त तेवढा वेळ मिळाला, आणि तो मी मुद्दाम मिळवून दिला होता. तुम्हाला दुसरा चहा पाजला तो उगाच नाही. तुला तोही जास्त वाटला.

इच्छा पुरी झाली का, विचारतेस. पहिल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मिसेस थ्वेट तिला म्हणाली, "एकच मुलगा होता ना तुमचा? तो गेल्याचं जेराल्डसाहेबांकडून कळलं, वाईट वाटलं." आई म्हणाली, "हो." क्लिफर्ड तिचं मटण कापत होता. तो कापत राहिला. तू तेव्हा हेझलच्या मांडीवर रुमाल पसरत होतीस.

आणि त्या छपराखाली ते काय बोलायचे ते मला क्लिफर्डने सांगितलं. दुसऱ्याच दिवशी जेराल्डने त्याला विचारलं, "तुम्ही यांच्या घरात राहता, क्लिफर्डबद्दल आईंनी कधी काही सांगितलंय?" हा म्हणाला, "नाही. कसा होता?" आणि मग तुझा नवरा रोज थोडं थोडं सांगत गेला. तो थेल्माला खांद्यावर बसवून किल्ल्याच्या पायऱ्या कसा चढायचा. पाण्यात तिच्या हनुवटीखाली हात धरून "सोडलेला नाही, सोडलेला नाही" म्हणत कसा पोहायला शिकवायचा, आणि केव्हाच सोडलेला असायचा. त्याची शीळ ऐकून गल्लीतले कुत्रे कसे मागे यायचे. जेराल्ड म्हणाला, "असा माणूस मला भेटायला हवा होता."

क्लिफर्ड मला म्हणाला, "एनिड, यातलं मला निम्मं आठवत नव्हतं. तिने किती जपून ठेवलंय बघ." मला वाटलं तो रडेल. तो नाही रडला. पुढच्या दिवशी पुन्हा जाऊन बसला, आणखी ऐकायला.

तेव्हा मी तुला शिव्या देत नाही. पण जेराल्डला सांग. आई आहे तोवर सांग.

एनिड


गिल्डफर्ड,
२ डिसेंबर १९७३

प्रिय एनिड,

अंत्यविधीनंतर आपण नीट बोललोच नाही, आणि मला दिसलं की तुला बोलायचंही नव्हतं.

मी उशीर केला. तुझं पत्र आल्यावर रोज ठरवायची, आज सांगते, उद्या सांगते, आणि मग शेजाऱ्यांकडून तू फोन केलास. जेराल्डला मी गाडीत सांगितलं, तिकडे येताना. मुली मागे झोपल्या होत्या. त्याने गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ वायपर चालू ठेवून बसला. मग एकच विचारलं, "मी त्याला त्याच्याबद्दलच सांगत होतो?" मी "हो" म्हटलं. मग त्याने गाडी पुन्हा सुरू केली.

चर्चच्या दारात तू पाहिलंसच. तो सरळ क्लिफर्डकडे गेला, टोपी काढली, हात पुढे केला आणि म्हणाला, "क्लिफर्ड, मला माफ करा. तुमच्या आईबद्दल फार वाईट वाटलं." आणि क्लिफर्ड त्याचा हात हातात घेऊन, अगदी शांतपणे, काय म्हणाला? "मिसेस बॅराक्लफ माझ्याशी फार चांगल्या वागल्या, साहेब." मी "क्लिफर्ड" म्हणून हाक मारली. सगळ्यांसमोर मारली. त्याने इकडेतिकडे पाहिलं, जणू हाक दुसऱ्याच कुणाला मारली असावी. मग जाऊन शेवटच्या बाकावर बसला. मुलगा असून आईच्या पेटीला खांदा दिला नाही. तो खांदा जेराल्डने दिला, आणि परत येताना सबंध रस्ता तो मला म्हणत होता, ती जागा माझी नव्हती.

तो पुन्हा आजारी पडलाय का? की मला शिक्षा करतोय? शिक्षा असेल तर करू दे, पण मला कळू दे. मी त्याला वेगळं पत्र लिहिलंय, सोबत आहे. त्यात सगळं मान्य केलंय, मुलींना सांगेन असंही लिहिलंय, नाताळला या असंही. तेवढं त्याच्या हातात दे.

थेल्मा


हॅलिफॅक्स,
१२ डिसेंबर १९७३

प्रिय थेल्मा,

पत्र दिलं. त्याने खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचलं.

तो आजारी नाही. त्या पोरगेल्या डॉक्टरला मी मुद्दाम बोलावलं. तासभर गप्पा मारून तो मला म्हणाला, "तुमच्या-माझ्याइतकाच बरा आहे." घरात माझ्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो, मला एनिड म्हणतो, आईला आई म्हणतो. तिचे कपडे त्यानेच घड्या घालून ठेवले.

मी त्याला चांगलं झापलं. म्हटलं, "पोर हात जोडतेय. आता कशासाठी हट्ट?" तो म्हणाला, "हट्ट नाही, एनिड. त्या दोघांकडे एक चांगला माणूस आहे, मुलींनाही तो माहीत आहे. तो परत आणून द्यायचा म्हणजे माझ्या रूपात द्यावा लागेल. दारापाशी थांबणारा, बिनदाताचा. तो त्यांच्याकडून काढून घेऊ? आणि ती म्हणाली तेव्हा मेलो. आता ती म्हणतेय म्हणून उठून बसायचं का? माणसाने किती वेळा दुसऱ्याच्या सोयीने राहायचं?"

यातलं खरं कारण कोणतं, पहिलं की दुसरं, ते मला ठरवता आलं नाही. त्यालाही ठरवता आलं असेल असं वाटत नाही. त्याचं उत्तर सोबत पाठवतेय. मी वाचलंय. तू एकटी असताना वाच.

एनिड


हॅलिफॅक्स,
११ डिसेंबर १९७३

सौ. विल्मट यांस,

आपलं पत्र मिळालं. नाताळला बोलावलंत, आभारी आहे. पण घरी मिस बॅराक्लफ एकट्या असतील, तेव्हा यंदा जमणार नाही. मुलींना माझी आठवण सांगावी. वाळू फार ओली असली तर किल्ला लगेच ढासळतो, थोडी कोरडी मिसळावी लागते, हे ज्युडिथला सांगायचं राहिलं होतं.

आपल्या भावाविषयी आपण जे लिहिलंत ते वाचलं. मनाला लावून घेऊ नये. माझी त्यांची ओळख नव्हती. पण मिस्टर विल्मट त्यांच्याबद्दल सांगायचे, त्यावरून माणूस चांगला असावा, आणि त्याचा आपल्यावर फार जीव असावा.

इकडे आल्यास जरूर यावं. मागची खोली रिकामी असते.

आपला नम्र,
आर्थर होल्ट